पगार आपला, हुकूम परक्याचा!

दोस्तांनो, समजा, तुमच्या गावाने वर्गणी काढून ज्वारीच्या राखणीला चार राखणदार ठेवले. पगार गावाचा, काठी गावाची, कंदीलही गावाचाच. पण ते ऐकतात मात्र शेजारच्या गावच्या सावकाराचं! तो म्हणेल तेव्हा जागायचं, तो म्हणेल तेव्हा डोळे मिटायचे. मग सांगा पाहू, ते राखणदार कुणाचे?

हसू नका! राज्यांच्या बाबतीतही असं घडतं. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या जतनेही त्याची झळ सोसली आहे. पण गोष्ट सुरू होते पुण्यात.

३१ डिसेंबर १८०२. होळकरांनी पुणे जिंकल्यामुळे दुसरा बाजीराव पेशवा इंग्रजांकडे पळाला आणि त्याने वसईचा तह केला. इंग्रजांची सहा हजारांची तैनाती फौज पेशव्यांच्या राज्यात आली. तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख द्यावा लागला. ही फौज निदान उघडउघड इंग्रजांची होती. पण पुढे बाजीरावाने स्वतःची कवायती पलटण उभारली. तिचा पगार पेशव्यांच्या खजिन्यातून जाई. अधिकारी मात्र इंग्रज! प्रमुख होता फोर्ड, आणि तळ होता पुण्याजवळ दापोडीला.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला लढाई पेटली. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले इंग्रजांवर चालून गेले. आणि पेशव्यांचं मीठ खाणारी ती पलटण? ती दापोडीहून निघाली आणि थेट इंग्रजांना जाऊन मिळाली! मोर दीक्षित हे पेशव्यांचे सरदार फोर्डचे मित्र होते. त्या दिवशी ते फोर्डच्याच पलटणीसमोर लढले आणि तिच्या तोफेच्या माऱ्यात पडले. बारा दिवसांत पुणे इंग्रजांच्या हाती गेलं.

आता जतकडे येऊ. इथले डफळे जहागीरदार साताऱ्याच्या छत्रपतींच्या चाकरीला घोडेस्वार देत. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी १८१९ साली छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी तह केला. त्यात अट होती, की इंग्रजांना विचारल्याशिवाय फौज वाढवायची नाही आणि कमीही करायची नाही. १८२० साली जतच्या जहागीरदारांशीही इंग्रजांनी वेगळा करार केला. म्हणजे गादी छत्रपतींची, पण शब्द शेवटी इंग्रजांचा. १८३९ साली इंग्रजांनी महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठवलं. १८४८ साली साताऱ्याचं राज्यच खालसा झालं. मग जतकडून स्वारांच्या चाकरीऐवजी रोख रक्कम जाऊ लागली, तीही इंग्रज सरकारला!

तुम्ही म्हणाल, या तर जुन्या गोष्टी. मग इराक देशाकडे बघा. २०१४ साली 'इसिस' या अतिरेकी संघटनेने मोसूल शहर घेतलं. तेव्हा हजारो इराकी तरुण देश वाचवायला पुढे आले. त्यांच्या तुकड्यांच्या संघटनेचं नाव 'हश्द अल-शाबी'. २०१६ साली कायदा होऊन ती सरकारी सेनादलांचा भाग झाली. पगार इराकच्या तिजोरीतून मिळू लागला. पण तिच्यातल्या काही तुकड्यांना शेजारच्या इराणने शस्त्रं आणि शिक्षण दिलं होतं. त्यांचे म्होरके इराणच्या सल्ल्याने चालत. ३ जानेवारी २०२० रोजी बगदादमध्ये अमेरिकेने केलेल्या हल्ल्यात इराणचे सेनानी कासिम सुलेमानी ठार झाले. त्यांच्यासोबत कोण होतं माहीत आहे? 'हश्द'चे उपप्रमुख अबू महदी अल-मुहंदिस! तेही त्याच हल्ल्यात मारले गेले.

लक्षात घ्या मुलांनो, खडकीला लढलेले शिपाई काय किंवा इराकचे तरुण काय, सगळेच काही वाईट नव्हते. कुणी पोटासाठी आले, कुणी घरदार वाचवायला आले. दोष त्या व्यवस्थेचा, जिथे पगार एकाचा आणि हुकूम दुसऱ्याचा.

म्हणूनच आपल्या राज्यघटनेने तिन्ही सैन्यदलांचं सरसेनापतिपद राष्ट्रपतींकडे ठेवलं आहे आणि कारभार लोकांनी निवडलेल्या सरकारकडे. १९४८ साली जत संस्थान विलीन झालं, तेव्हा जतही याच घरात आलं.

आता एक करा. पेपरात कुठल्याही देशाच्या फौजेची बातमी आली, की आईबाबांसोबत बसून तीन प्रश्न विचारा : पगार कोण देतं? हुकूम कोण देतं? आणि चूक झाली तर जाब कोण विचारतं? तिन्ही उत्तरं एकच आली, तर राखणदार आपला. नाहीतर बाजीरावाची पलटण आठवा!