गुप्तरोगाच्या पाटीमागचा नवरा

लोकलच्या डब्यात दाराशेजारी चिकटवलेली ती पत्रकं सगळ्यांनी पाहिलेली असतात: ‘गुप्तरोग’, ‘कमजोरी’, ‘शंभर टक्के खात्री’. तरीही पुरुष या विषयावर तोंड उघडत नाहीत, असं आपण बिनदिक्कत म्हणत राहतो. तोंड उघडत नसते तर ही दुकानं चालली कशी असती? ते बोलतात, पैसे मोजून बोलतात. फक्त ज्याच्याशी बोलायला हवं त्याच्याशी नाही.

मराठीत तर हे बोलणं जवळजवळ शंभर वर्षं जुनं आहे. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात (१९२७ ते १९५३) वाचक लैंगिक शंका विचारत आणि कर्वे त्यांना सरळ उत्तरं देत. याच प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला उभा राहिला. कर्व्यांच्या बाजूने वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्वे खटला हरले, पण शंका काही थांबल्या नाहीत.

दुसरा गैरसमज या शंकांच्या पोटातच आहे: दोष शरीरात आहे आणि इलाज पुडीत. ‘धातू जाते, म्हणून अंगात ताकद राहिली नाही’ ही तक्रार इतकी नेमाने येते की मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये तिला ‘धात सिंड्रोम’ असं नावच दिलं. झोपेत वीर्यपतन होणं हे नैसर्गिक आहे, त्याने शक्ती जात नाही. थकवा मात्र खरा असतो. त्यामागे बहुतेकदा चिंता किंवा नैराश्य निघतं. उलट बाजूही सांगायला हवी. ताठरता न येणं हे मधुमेहाचं किंवा रक्तवाहिन्यांच्या आजाराचं पहिलं लक्षण असू शकतं, म्हणून ‘सगळं मनाचंच आहे’ असं म्हणून रक्ततपासणी टाळणारा समुपदेशकही चुकतोच.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये २००० नंतरच्या दशकात ‘रिश्ता’ नावाचा संशोधन प्रकल्प चालला. त्याने गुप्तरोगाची पाटी उतरवायचा अट्टहास धरला नाही. आयुर्वेदिक आणि युनानी दवाखान्यांत विवाहित पुरुष येत होतेच. तिथल्याच वैद्य-हकिमांना प्रशिक्षण दिलं गेलं. औषध लिहिण्याआधी त्यांनी घरची गोष्ट विचारायची: बायकोशी बोलणं कसं आहे, पिणं किती, कामाचा ताण काय. शरीराची तक्रार घेऊन आलेला माणूस मग संसाराबद्दल बोलू लागतो.

बरं, जोडप्याच्या थेरपीत नेमकं चालतं काय? लोकांच्या डोक्यात एक तर चावट क्लृप्त्यांचा क्लास असतो, नाही तर दोघांना समोरासमोर बसवून केलेला पंचनामा. प्रत्यक्षात सुरुवात बंदीने होते. अमेरिकेतल्या मास्टर्स आणि जॉन्सन या जोडीने १९७० मध्ये मांडलेली स्पर्शाची पद्धत आजही वापरली जाते. तिचा पहिला नियम असा, की काही आठवडे संभोग करायचाच नाही. घरी दोघांनी पाळीपाळीने स्पर्श करायचा: हात, पाठ, खांदे. स्तन आणि जननेंद्रियं सुरुवातीला वर्ज्य. स्पर्श करणाऱ्याने समोरच्याला खूश करण्याच्या मागे लागायचं नाही; आपल्या बोटांना काय जाणवतंय, ऊन की गार, मऊ की खरखरीत, एवढ्याकडे लक्ष द्यायचं. ज्याला स्पर्श होतोय त्याने नको वाटलं तर तसं सांगायचं. परीक्षाच रद्द झाल्यावर नापास होण्याची भीती कशाला उरेल? ज्या पुरुषाला ‘करून दाखवायचं’ एवढंच शिकवलं गेलंय, त्याला हा गृहपाठ भलताच अवघड जातो. बायकोला पहिल्यांदाच ‘नको’ म्हणण्याची रीतसर मुभा मिळते, हे त्याहून मोठं.

‘समुपदेशन म्हणजे बाईला जुळवून घ्यायला लावणं’ हा समज हवेतून आलेला नाही. तसे समुपदेशक आहेत. पण नियम वेगळं सांगतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या २००६ च्या नियमांनुसार समुपदेशनात पुरुषाला हिंसेचं समर्थन करताच येत नाही, आणि हे त्याला आधीच बजावून सांगायचं असतं. पुन्हा असं करणार नाही, अशी हमी मिळवणं हा तिथला हेतू असतो. जाणकार थेरपिस्टही म्हणूनच दोघांना आधी एकेकटं भेटतो. नवऱ्याच्या देखत ‘घरी मारहाण होते का?’ या प्रश्नाचं खरं उत्तर कोणती बाई देईल? मारहाण चालू असेल तर एकत्र बैठक थांबवायची, कारण खोलीत बोललेल्या वाक्याची किंमत तिला घरी मोजावी लागते.

आता पुरुषांचे गट. यांच्याबद्दल दोन परस्परविरोधी समज आहेत: तिथे पुरुषांना झोडपतात, किंवा तिथे बायकांविरुद्ध गाऱ्हाणी चालतात. १९९१ मध्ये पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये जाहिरात दिली, की बायकोला मारणं मान्य नसलेले पुरुष हवे आहेत. दोनशेहून अधिक जणांनी प्रतिसाद दिला आणि त्यातून १९९३ मध्ये मुंबईत ‘मावा’ ही संघटना उभी राहिली. तिचा ‘पुरुष स्पंदनं’ हा दिवाळी अंक वाचकांना परिचित आहे. ब्राझीलमधल्या तरुणांसाठी तयार झालेला एक कार्यक्रम ‘कोरो’ संस्थेच्या साथीने मुंबईच्या वस्त्यांत ‘यारी दोस्ती’ नावाने आला. अशा गटांतला एक ठरलेला खेळ म्हणजे एक विधान वाचायचं, ‘घरात शेवटचा शब्द पुरुषाचा’ यासारखं, आणि पटत असेल तर खोलीच्या एका बाजूला, नसेल तर दुसऱ्या बाजूला जायचं. मित्र पलीकडे उभा दिसला की वाद आपोआप सुरू होतो. प्रशिक्षकाला भाषण द्यावं लागत नाही.

याने फक्त भाषा सुधारते, वागणं नाही, असा शेवटचा आक्षेप असतो. रवांडातल्या ‘बांदेबेरेहो’ कार्यक्रमात तरुण बापांच्या १५ बैठका झाल्या, त्यांतल्या आठ जोडीदारासह. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. मागच्या वर्षभरात मारहाण झाल्याचं कार्यक्रमात नसलेल्या कुटुंबांतल्या सुमारे ५७ टक्के स्त्रियांनी सांगितलं. कार्यक्रमातल्या कुटुंबांत हेच प्रमाण ३३ टक्के होतं. तेहतीस म्हणजे अजूनही दर तिघींत एक, हेही विसरायचं नाही.

आपल्याकडे ग्रामीण ठाण्यात ‘चार्म’ या प्रयोगात १,०८१ जोडपी होती. गावातल्या पुरुष आरोग्यसेवकांनी नवऱ्यांशी कुटुंबनियोजनाबरोबर नात्यातल्या बरोबरीबद्दल बोलायचं होतं. तीन बैठका, त्यांतली एक बायकोसह. दीड वर्षानंतर आधुनिक गर्भनिरोधकांचा वापर वाढलेला आणि पतीकडून होणारी लैंगिक जबरदस्ती घटलेली दिसली. पुढे जुन्नर तालुक्यात याची सुधारित आवृत्ती आली, तेव्हा बायकांसाठी दोन स्वतंत्र बैठका वाढवल्या गेल्या. त्या स्त्री आरोग्यसेविकांनी घ्यायच्या होत्या, आणि त्या वेळी नवरा खोलीत नसायचा.