छत फोडण्यापूर्वी : लो-व्होल्टेज दिव्यांतील दोष कसा शोधावा

पीओपीचे किंवा जिप्समचे छत आणि त्यात बसविलेले लहान गोल दिवे आता घराघरांतून, दुकानांतून आणि सभागृहांतून दिसू लागले आहेत. हे दिवे देखणे असतात, परंतु त्यांच्या तारा छताच्या आड कायमच्या बंदिस्त झालेल्या असतात. त्यामुळे एखादा दिवा बंद पडला की ‘छत फोडावे लागेल’ असा सल्ला लगेच मिळतो. बहुतेक वेळा तशी गरज नसते. दिव्यासाठी कापलेले भोक हीच तपासणीची खिडकी असते. तेथून क्रमाने पाहत गेल्यास दोष कोठे आहे, हे छत न फोडताही समजू शकते. ज्यांनी वायरमनचे शिक्षण घेतले आहे त्यांना यातील बरेचसे ठाऊक असेलच. हा लेख मुख्यतः घर चालविणाऱ्या आणि दुरुस्तीचा खर्च सोसणाऱ्या वाचकांसाठी आहे.

प्रथम रचना समजून घेऊ. घरात येणारा वीजपुरवठा २३० व्होल्टचा असतो. ट्रान्सफॉर्मर तो १२ व्होल्टवर आणतो आणि मग दिव्याला देतो. १२ व्होल्ट म्हणजे निर्धोक, असा समज सर्वत्र आढळतो, पण तो अर्धाच खरा आहे. ५० वॅटच्या दिव्यातून २३० व्होल्टवर सुमारे ०.२२ अँपिअर प्रवाह वाहतो, तर १२ व्होल्टवर तोच प्रवाह ४ अँपिअरहून अधिक होतो. अशा वेळी होल्डरमधील सैल जोडाचा रोध अवघा अर्धा ओहम असला, तरी तेथे आठ वॅटच्या आसपास उष्णता निर्माण होते. ती नखाएवढ्या जागेत साठते आणि होल्डर काळा पडतो, तारेचे आवरण ठिसूळ होते. म्हणजे १२ व्होल्टच्या बाजूला धक्क्याचे भय कमी असले, तरी जळण्याचे भय असतेच. शिवाय ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या टोकाला २३० व्होल्ट असतात आणि तो ट्रान्सफॉर्मर त्याच भोकातून हाताशी येतो.

म्हणून दिव्याला हात लावण्यापूर्वी भिंतीवरील बटण बंद करणे पुरेसे नाही. काही घरांत बटण चुकून न्यूट्रलवर जोडलेले असते. तेथे बटण बंद करूनही फेज वरपर्यंत पोहोचलेलाच राहतो. यासाठी त्या खोलीचा एमसीबी खाली पाडावा, तो कोणी पुन्हा चढविणार नाही याची व्यवस्था करावी आणि दिवा थंड होऊ द्यावा. निऑनचा टेस्टर १२ व्होल्टवर पेटत नाही. तो पेटला नाही म्हणून तार मृत आहे, असे समजू नये. दिवा बदलण्यापलीकडचे पुढील सर्व काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. मात्र तो काय तपासतो आहे, हे आपल्याला समजले पाहिजे.

दोषाचा माग दिवे स्वतःच देतात. एकच दिवा बंद असेल, तर दोष बहुधा त्या दिव्यात, त्याच्या होल्डरमध्ये किंवा त्याच्या स्वतंत्र ट्रान्सफॉर्मरमध्ये असतो. तीन-चार दिव्यांचा गट एकाच वेळी विझला, तर त्यांचा सामाईक ट्रान्सफॉर्मर तपासावा. रांगेतील एका ठिकाणापासून पुढचे सर्व दिवे बंद असतील, तर शेवटच्या चालू आणि पहिल्या बंद दिव्यामधील जोड संशयास्पद ठरतो. खोलीतील सर्वच दिवे बंद असतील, तर छताकडे न पाहता आधी बटण आणि एमसीबी पाहावेत. काही मिनिटांनी विझून थोड्या वेळाने आपोआप लागणारा दिवा अतिउष्णतेची सूचना देत असतो : ट्रान्सफॉर्मरवर भार जास्त आहे, किंवा त्याला हवा मिळत नाही.

त्यानंतरची पायरी अदलाबदलीची. शेजारचा चालू दिवा बंद जागी लावून पाहावा. तो लागला, तर जुना दिवा निकामी. न लागल्यास होल्डर पाहावा. काळवंडलेला होल्डर घासून वापरू नये, बदलावा. दिवा विकत आणताना त्यावरील व्होल्टेज वाचावे. सुईसारख्या दोन बारीक पिनांचा लहान दिवा सामान्यतः १२ व्होल्टचा असतो. टोकाशी जाड आणि फिरवून बसविण्याच्या पिनांचा दिवा २३० व्होल्टचा असतो.

हॅलोजन काढून एलईडी लावल्यावर दिवे लुकलुकू लागतात, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. येथे तारांचा दोष नसतो. जुन्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरला नीट चालण्यासाठी किमान भार लागतो. त्यावर ‘२० ते ६० वॅट’ असे छापलेले असेल आणि पाच वॅटचा एकच एलईडी जोडला, तर तो स्थिर चालत नाही. एलईडीसाठीचा योग्य ड्रायव्हर बसविणे हाच उपाय. ड्रायव्हर निवडताना केवळ वॅट न पाहता त्यावर छापलेले व्होल्ट आणि मिलिअँपिअर जुळवावेत.

एवढे करूनही दिवा लागला नाही, तरच न दिसणाऱ्या तारेवर संशय घ्यावा. तिचीही परीक्षा दोन भोकांतून होते. वीज बंद करून तारेची दोन्ही टोके सोडवावीत, दूरच्या टोकाला दोन्ही तारा एकमेकींना जोडाव्यात आणि जवळच्या टोकाला मल्टिमीटरने रोध मोजावा. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या दहा मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन रोध सुमारे पाव ओहम भरतो. मीटर एक ओहमच्या आत दाखवीत असेल, तर तार अखंड आहे. काहीच दाखवीत नसेल, तर ती तुटली आहे. मग दूरची टोके विलग करून पुन्हा मोजावे. आता मीटरने काहीही दाखविता कामा नये. दाखविल्यास तारा आत एकमेकींना टेकल्या आहेत.

तार खराब ठरली तरी छत वाचू शकते. ती मोकळी सोडलेली असल्यास तिच्याच टोकाला नवी तार बांधून अलगद ओढून घेता येते. अडकलेली असल्यास ती दोन्ही टोकांना कायमची तोडून बंद करावी आणि शेजारच्या भोकातून नवी तार सरकवावी.

ज्यांचे छत अजून व्हायचे आहे, त्यांनी तीन गोष्टी आग्रहाने मागाव्यात : प्रत्येक ट्रान्सफॉर्मर भोकातून बाहेर निघेल अशा बेताचा असावा, कोणताही जोड भोकापासून दूर, छतात पुरलेला नसावा, आणि छत बंद होण्यापूर्वी तारांची छायाचित्रे काढून त्यांचा नकाशा घराच्या कागदपत्रांत ठेवावा. यासाठी लागणारा वेळ तासाभराचा असतो; त्याअभावी एका दिव्यासाठी सारे छत उतरविण्याची पाळी येते.