आवड वेगळी, ओढ वेगळी

मगरिबच्या अजानला चार मिनिटं उरलेली असतात. दस्तरखानावर खजूर, कलिंगडाच्या फोडी, गरम भजी. खजुराचा गोडवा अजून जिभेवर आलेला नसतो, पण सगळं लक्ष त्याच्याकडे लागलेलं असतं.

मेंदूत ही ओढ कुठे असते, याचा धागा चुकून हाती लागला. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर उंदरांच्या मेंदूत विजेची बारीक तार बसवत होते. एका उंदराची तार नेम चुकून भलतीकडे गेली. जिथे विजेचा झटका मिळे, त्याच कोपऱ्याकडे तो उंदीर पुन्हा पुन्हा येऊ लागला. मग पिंजऱ्यात खटका बसवला, तर उंदीर तो तासाला शेकडो वेळा दाबू लागले. हा प्रयोग १९५४ साली प्रसिद्ध झाला आणि सुखाचं केंद्र सापडलं असं अनेकांना वाटलं.

गफलत तिथेच झाली. मध्यमेंदूतल्या काही पेशी डोपामाइन पुढच्या भागांकडे पाठवतात. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांना आधी खूण दाखवून मग फळाचा रस दिला. सवय झाल्यावर या पेशी रसाला नव्हे, खुणेलाच चेतू लागल्या. खूण होऊनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी मंदावत. मिशिगनमध्ये केंट बेरिज यांनी डोपामाइन जवळजवळ संपलेले उंदीर तपासले. समोरचं अन्न ते खात नसत. तोंडात साखरपाणी सोडलं की मात्र मिटक्या मारत. चव शाबूत होती, ओढ गेली होती.

माणसांत याची उलटी बाजू दिसते. पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या काही रुग्णांना डोपामाइनसारखं काम करणाऱ्या गोळ्या देतात. अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० रुग्णांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. त्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांना जुगार, खरेदी, खाणं किंवा कामेच्छा आवरत नव्हती. न घेणाऱ्यांत हे प्रमाण ७ टक्के होतं. जन्मात पत्त्याला हात न लावलेला माणूस पैसे उधळू लागला, की घरचे म्हणतात, म्हातारपणी बुद्धी फिरली. तोही शरमेने लपवतो. वास्तविक डॉक्टरांना कळलं तर मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं आणि पुष्कळदा ती ओढ ओसरते. गोळी मनाने एकदम बंद करणं मात्र धोक्याचं. तपासणीत बोलणं बहुधा हातांच्या थरथरीवरच थांबतं. पैशांचा विषय घरच्यांनाच काढावा लागतो.