रुग्णाची नोंद आणि संगणकाचा निष्कर्ष

दवाखान्यात गेल्यावर केसपेपर काढावा लागतो, हे तुम्हांला ठाऊक आहेच. असे हजारो केसपेपर एकत्र केले, तर कोणत्या रुग्णाला अधिक धोका आहे हे आधीच ओळखता येईल काय? नोंदींच्या ढिगातून संगणकाने असे नियम शोधून काढणे म्हणजेच ‘डेटा मायनिंग’ होय. पण खाणीत जे नाही ते बाहेर कसे येणार? म्हणून नोंदी कशा ठेवाव्यात, ते आधी पाहू.

समजा, एका रुग्णाने वर्षात ५ खेपा घातल्या आणि दर खेपेस ३ तपासण्या झाल्या. सारे एकाच कोष्टकात लिहिले, तर त्याचा पत्ता १५ वेळा लिहावा लागेल. पत्ता बदलला की १५ दुरुस्त्या! एक जरी राहिली, तरी एकाच माणसाचे दोन पत्ते होतील. यावरचा उपाय एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या पद्धतीत सापडतो. रुग्णांचे एक कोष्टक, खेपांचे दुसरे, तपासण्यांचे तिसरे. प्रत्येक रुग्णाला व प्रत्येक खेपेला स्वतंत्र क्रमांक द्यायचा. खेपेच्या ओळीत रुग्णाचा क्रमांक आणि तपासणीच्या ओळीत खेपेचा क्रमांक लिहायचा. त्यांच्या आधारे हवी ती माहिती जुळवता येते आणि पत्ता मात्र एकदाच लिहावा लागतो.

प्रत्येक रकान्याचे एककही ठरलेले हवे. एकीने ताप फॅरनहाइटमध्ये १०२ लिहिला, दुसरीने सेल्सिअसमध्ये ३९ लिहिला, तर संगणक निमूटपणे ७०.५ ही सरासरी काढील! ताप मोजलाच नसेल, तर तेथे शून्य न लिहिता जागा रिकामी ठेवावी.

एवढी काळजी घेतली म्हणजे निष्कर्ष बरोबर येईलच काय? १९९० च्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या नोंदींवर असा प्रयोग झाला. धोका जास्त असलेल्यांना रुग्णालयात ठेवायचे आणि कमी असलेल्यांवर घरी उपचार करायचे, असा हेतू होता. संगणकाने एक चमत्कारिक नियम शोधला: न्यूमोनिया झालेल्याला आधीपासून दमा असेल, तर मृत्यूचा धोका कमी!

डॉक्टर चकित झाले. दम्याच्या रुग्णाला तर न्यूमोनिया अधिक घातक. मग आकडे खोटे होते काय? नाही. धोका ओळखून डॉक्टर अशा रुग्णांना थेट अतिदक्षता विभागात दाखल करीत. तेथील तत्पर उपचारांमुळे ते वाचत. संगणकाने दमा पाहिला, रुग्ण वाचला हेही पाहिले. मधले उपचार मात्र त्याच्या हिशेबात नव्हते. तो नियम पाळला असता, तर ज्यांना उपचारांची सर्वाधिक गरज, त्यांनाच घरी पाठवले गेले असते! रिच करुआना व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली एका शोधनिबंधात हे उदाहरण सविस्तर मांडले आहे.

दोन गोष्टी एकत्र आढळल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे यावरून तुमच्या ध्यानी येईल. आता एक प्रयोग करा. वर्गातील गैरहजेरीची महिनाभराची नोंद दोन कोष्टकांत ठेवा: एक विद्यार्थ्यांचे, दुसरे गैरहजेरीच्या दिवसांचे. त्यातून एखादा नियम शोधा. मात्र तो शिक्षकांना दाखवण्यापूर्वी स्वतःला विचारा, ‘आपण कोणता रकाना ठेवायला विसरलो?’