तीन अटी

वर्धा शहरापासून सुमारे आठ किलोमीटर अंतरावर सेवाग्राम हे गाव आहे. १९३६ सालच्या एप्रिल महिन्यात महात्मा गांधी येथे राहावयास आले. त्या वेळी गावाचे नाव शेगाव असे होते. पुढे १९४० साली ते सेवाग्राम झाले. मातीच्या भिंतींची आणि कौलारू छपरांची तेथील साधी घरे आजही जपून ठेविली आहेत. दूरदूरचे लोक ती पाहावयास येतात. याच आश्रमात एक तरुण छायाचित्रण शिकला आणि त्याच्या छायाचित्रांमुळे आश्रमातील पुष्कळसे जीवन आज आपणांस डोळ्यांनी पाहता येते, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

त्या तरुणाचे नाव कनू गांधी. १९१७ साली जन्मलेले कनू गांधी हे गांधीजींच्या पुतण्याचे, नारणदास गांधी यांचे, चिरंजीव. आश्रमात ते हिशेब लिहीत आणि कारकुनी करीत. गांधीजींची छायाचित्रे घ्यावीत, असे त्यांच्या मनात आले. परंतु कॅमेरा घेण्यास पैसे कोठून आणावयाचे? आश्रमाचा पैसा हा लोकसेवेचा पैसा होता. अखेरीस घनश्यामदास बिर्ला यांच्याकडून शंभर रुपये मिळाले आणि कनूंनी रोलिफ्लेक्स नावाचा कॅमेरा व फिल्म विकत घेतली.

गांधीजींनी परवानगी दिली. पण तीन अटी घातल्या. पहिली अट अशी, की छायाचित्र घेताना झगझगीत प्रकाशाचा दिवा, म्हणजे फ्लॅश, वापरावयाचा नाही. दुसरी अट, चित्रासाठी 'असे बसा, इकडे पाहा' असे सांगावयाचे नाही. तिसरी अट, या छंदाचा खर्च आश्रम देणार नाही.

मुलांनो, या अटी ऐकून तुम्हांला काय वाटते? कोणीही म्हणेल, की शिकाऊ माणसाचे हातपायच यांनी बांधून टाकले. पण जरा विचार करून पाहू या. दिवा नाही, म्हटल्यावर कनूंना खिडकीतून, दारातून आणि कौलांच्या फटींतून येणाऱ्या उजेडाकडे बारकाईने लक्ष द्यावे लागले. कोणाला बसविता येत नाही, म्हटल्यावर योग्य क्षणाची वाट पाहण्याचा संयम अंगी आणावा लागला. खर्च स्वतः भागवावयाचा, म्हटल्यावर प्रत्येक चित्र विचारपूर्वक घ्यावे लागले. कारण त्या जातीच्या कॅमेऱ्यात फिल्मच्या एका गुंडाळीवर बाराच चित्रे येत. प्रत्येक अटीने त्यांना एकेक धडा दिला. उजेड, क्षण आणि निवड हे ते तीन धडे होत. छायाचित्रणाची सारी विद्या या तीन शब्दांत सामावलेली आहे.

आता यांपैकी उजेडाचा धडा नीट समजून घेऊ. छायाचित्र हे मुळात उजेडाने रेखलेले चित्र असते. कॅमेरा म्हणजे एक अंधारी पेटी. तिच्या तोंडाशी भिंग असते आणि भिंगापाशी एक लहानमोठे करता येणारे छिद्र असते. आत उजेड केव्हा घ्यावयाचा आणि केव्हा थांबवावयाचा, हे ठरविण्यासाठी एक झडप असते. नळाखाली घागर भरताना काय होते, ते आठवा. तोटी पूर्ण सोडली तर घागर चटकन भरते. धार बारीक असली तर पुष्कळ वेळ लागतो. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. बाहेर लख्ख ऊन असेल तर झडप क्षणाचा अगदी लहान अंश उघडली तरी पुरते. झोपडीतील मंद उजेडात ती अधिक वेळ उघडी ठेवावी लागते. आणि तेवढ्या वेळात समोरचा माणूस हलला, किंवा आपलाच हात थरथरला, तर चित्र पुसट येते.

मग मंद उजेडात चरखा चालविणाऱ्या माणसाचे स्पष्ट चित्र कसे घ्यावे? येथे दुसरा धडा, म्हणजे क्षणाचा धडा, उपयोगी पडतो. सूत कातणाऱ्याचा हात पाहा. तो पेळूतून धागा ओढीत मागे जातो, पूर्ण मागे गेला की क्षणभर थबकतो आणि मग धागा चातीवर गुंडाळला जातो. तो थबकण्याचा क्षण पकडता आला, की दिव्यावाचूनही चित्र स्पष्ट येते. परंतु ज्याने कातणे कधी लक्ष देऊन पाहिलेच नाही, त्याला हा क्षण सापडावा कसा? म्हणून ज्याचे चित्र घ्यावयाचे, त्याची आधी ओळख करून घ्यावी लागते. १९४६ साली मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन छायाचित्रकार स्त्रीला पुण्यात गांधीजींचे चरख्याजवळ छायाचित्र घ्यावयाचे होते. तेव्हा तिलाही सांगण्यात आले, की आधी सूत कातण्यास शिका. तिने चरखा हाती धरला आणि मगच कॅमेरा. तिने घेतलेले ते छायाचित्र पुढे जगभर प्रसिद्ध झाले.

कनूंच्या कॅमेऱ्याचाही त्यांना एक लाभ झाला. त्याला दोन भिंगे असतात. वरच्या भिंगातून छायाचित्रकार दृश्य पाहतो आणि खालच्या भिंगातून ते फिल्मवर उमटते. हा कॅमेरा डोळ्याला लावावा लागत नाही. पोटाशी धरून, मान खाली घालून वरच्या काचेत पाहावे लागते. त्यामुळे समोरचा माणूस बावरत नाही आणि आपले काम करीत राहतो. १९४० सालचे कनूंचे एक छायाचित्र विख्यात आहे. त्यात गांधीजी कुष्ठरोगाने आजारी असलेल्या परचुरे शास्त्री या संस्कृत पंडितांची शुश्रूषा करीत आहेत. कुष्ठरोग्याच्या जवळ जाण्यासही लोक भीत असत, असा तो काळ होता. ते चित्र पाहताना त्यात कोणी मुद्दाम बसलेले आहे, असे मुळीच वाटत नाही. आपण त्या जागी हळूच जाऊन उभे राहिलो आहोत, असे वाटते.

आजची स्थिती अगदी निराळी आहे. घरातील मोबाइलमध्ये कॅमेरा असतो. फिल्मचा खर्च नसतो. एका सकाळी शंभर चित्रेही काढता येतात. असे असूनही, त्या शंभरांतील एखादे चित्र पुन्हा पाहावेसे वाटते काय? बहुधा नाही. जेव्हा काहीही टिपता येते, तेव्हा आपण नीट असे काहीच पाहात नाही. यावर उपाय कोणता? कनूंना अटी बाहेरून मिळाल्या. आपण त्या आपणच आपल्यावर घालून घ्याव्यात. आठवड्याला एक विषय, ही अशीच एक अट आहे.

तिची रीत सोपी आहे. वर्गातील पाचसहा मुलामुलींनी एकत्र यावे. सोमवारी एक विषय ठरवावा. शुक्रवारपर्यंत प्रत्येकाने त्या विषयावर जास्तीत जास्त बारा चित्रे काढावीत, त्याहून अधिक नाही. शनिवारी त्यांतील एकच चित्र निवडून सर्वांपुढे ठेवावे. कॅमेरा एकच असला तर तो आळीपाळीने वापरावा. तोही नसला तरी अडत नाही. जाड कागदाला हाताच्या पंजाएवढी चौकोनी खिडकी कापावी, तिच्यातून पाहावे आणि जे दृश्य निवडाल त्याचे वर्णन वहीत लिहावे. डोळ्याला वळण लागते ते पाहण्याने आणि निवडण्याने.

पहिल्या आठवड्याचा विषय 'एक वस्तू, तीन वेळा' असा ठेवता येईल. घराची मातीची भिंत घ्या, किंवा अंगणातील बैलबंडीचे चाक घ्या. सकाळी, भर दुपारी आणि सायंकाळी, एकाच जागी उभे राहून त्याचे चित्र काढा. सकाळी ऊन तिरपे येते; तेव्हा भिंतीवरील सारवणाची बोटे, भेगा आणि उंचसखलपणा उठून दिसतो. दुपारी सूर्य डोक्यावर आल्यावर जमिनीवरच्या सावल्या आखूड होतात. विदर्भातील उन्हाळ्यात तर त्या वेळी अंगण नुसते पांढरे फटक दिसते. सायंकाळी तीच भिंत तांबूस होते. वस्तू बदलली नाही, जागा बदलली नाही. बदलला तो केवळ उजेड. हे पुस्तकात वाचून अर्धेच कळते. तीन चित्रे शेजारी ठेविली म्हणजे पुरते कळते.

दुसऱ्या आठवड्याचा विषय 'हात' असू द्या. आपल्या जिल्ह्यात या विषयाला तोटा नाही. कापसाच्या हंगामात बोंडातून कापूस वेचणारे हात, भाकरी थापणारे हात, सायकलचे पंक्चर काढणारे हात, फळ्यावर लिहिणारे हात! चेहरा घ्यावयाचा नाही, अशी अट घातली म्हणजे काय चमत्कार होतो, ते पाहा. तुम्ही चार पावले पुढे जाल. नखात अडकलेली माती, बोटांवर पडलेले चरे, मनगटावरील जुनी बांगडी तुम्हांला दिसू लागेल. आजीच्या हातची भाकरी आपण रोज खातो. पण आजीचा हात आपण या आधी कधी पाहिला होता काय?

तिसऱ्या आठवड्यात 'वाहते पाणी' हा विषय घेऊन मोठ्या माणसांसोबत पवनार येथे धाम नदीच्या काठी जाता येईल. चौथ्या आठवड्यात 'माणसावाचून माणूस' असा विषय ठेवावा. माणूस चित्रात नाही. पण त्याची पादत्राणे, चष्मा, खुर्पे किंवा अर्धवट विणलेले दोरखंड पाहून तो ओळखू यावा. हा विषय कठीण आहे. म्हणून तो शेवटी ठेवावा.

शनिवारची बैठक हा या अभ्यासाचा प्राण होय. तेथे कोणाचे चित्र पहिले, कोणाचे दुसरे, हे ठरवू नये. प्रत्येक चित्राविषयी तीन प्रश्न विचारावेत. पहिला, या चित्रात नजर प्रथम कोठे जाते? दुसरा, चित्रातील कोणती वस्तू गाळली असती तरी चालले असते? तिसरा, पुन्हा काढावयाचे झाल्यास तू कोठे उभा राहशील आणि कोणत्या वेळी? उत्तरे वहीत टिपून ठेवावीत. महिना संपल्यावर पहिले आणि चौथे चित्र शेजारी ठेवावे. फरक तुमचा तुम्हांलाच दिसेल.

आणखी एक गोष्ट. कॅमेरा हाती आला म्हणजे प्रत्येक दृश्यावर आपला अधिकार आहे, असे समजू नये. शेतात कापूस वेचणाऱ्या मावशींचे चित्र घ्यावयाचे असेल तर आधी त्यांना विचारावे आणि त्या नको म्हणाल्या तर नमस्कार करून परतावे. चित्र घेतलेच, तर ते त्यांना दाखवावे. १९४४ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा शेवटचे श्वास घेत होत्या. त्यांचे मस्तक गांधीजींच्या मांडीवर होते. कनू जवळ होते. परंतु त्या वेळी छायाचित्र घेण्यास गांधीजींनी त्यांना मनाई केली, आणि कनूंनी कॅमेरा खाली ठेविला. कोणता क्षण टिपावा हे जसे शिकावे लागते, तसेच कोणता क्षण टिपू नये हेही शिकावे लागते.

३० जानेवारी १९४८ या दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली, तेव्हा कनू दूर नौखालीत सेवाकार्य करीत होते. १९३८ पासून सुमारे दहा वर्षे त्यांनी गांधीजींची छायाचित्रे घेतली होती. त्यांपैकी काहींत उजेड कमी आहे, काहींत हात पुसट झाले आहेत. दिवा वापरला असता तर ती अधिक लख्ख आली असती. पण दिवा लागताच झोपडीतील माणसे दचकली असती आणि मग झोपडीतील शांतता त्या चित्रांत राहिली नसती. अटींनी त्या चित्रांतील थोडा उजेड घेतला आणि त्याबदली त्यांत सत्य ठेविले.

मुलांनो, येत्या सोमवारी एक विषय निवडा. बारा चित्रे, एक आठवडा, एक विषय. मग आपले गाव पहिल्यांदाच पाहात आहोत, असे तुम्हांला वाटल्यावाचून राहणार नाही.

स्वाध्याय

१. गांधीजींनी घातलेल्या तीन अटी कोणत्या? प्रत्येक अटीपासून कनू गांधी काय शिकले?
२. घागर आणि नळ यांचा दृष्टान्त लेखकाने कशासाठी दिला आहे?
३. 'जेव्हा काहीही टिपता येते, तेव्हा आपण नीट असे काहीच पाहात नाही.' या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.
४. 'माणसावाचून माणूस' या विषयासाठी आपल्या घरातील कोणत्या तीन वस्तू तुम्ही निवडाल? का?
५. छायाचित्र घेऊ नये, असा एखादा प्रसंग तुम्ही पाहिला असल्यास त्याविषयी दहा ओळी लिहा.