तीन जोडण्या

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावरच्या मुख्य वस्तीत आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, लावायला दोन जागा आहेत. माथर कॅम्पग्राउंडमध्ये झाडांची दाट सोबत मिळते, पण जागेवर वीज नाही, नळ नाही, सांडपाण्याची सोय नाही. शेजारच्या ट्रेलर व्हिलेजमध्ये तिन्ही आहेत. आम्ही दोघं नवरा-बायको आरव्हीतच राहतो. तिथे आधी माथरमध्ये काही दिवस काढले आणि मग ट्रेलर व्हिलेजमध्ये गाडी लावली.

माथरमध्ये सगळा संसार टाक्यांच्या हिशोबावर चालला. आमची पिण्याच्या पाण्याची टाकी दीडशे लिटरची. भांडी आधी कागदाने पुसायची, मग जेमतेम पाण्यात विसळायची. अंग ओलं केलं की शॉवर बंद, साबण लावून झाला की पुन्हा सुरू. फ्रिज आणि शेगडी प्रोपेनवर, दिवे आणि पंप बॅटरीवर. जनरेटर लावायचा तर नेमून दिलेल्या तासांतच. हंडे-कळशा भरून ठेवणाऱ्या घरात वाढल्यामुळे मला हे जड गेलं नाही, पण लक्ष सतत टाकीच्या काट्याकडे असायचं.

ट्रेलर व्हिलेजमध्ये पोचल्यावर पहिलं काम विजेचं. खांबावरच्या पेटीतला ब्रेकर आधी बंद करायचा, त्यात सर्ज प्रोटेक्टर लावायचा आणि ब्रेकर चालू करून व्होल्टेज व वायरिंग ठीक असल्याची खूण बघायची. मग पुन्हा ब्रेकर बंद करून गाडीची जाड केबल जोडायची. 120 व्होल्टच्या 30 अँपिअर जोडणीवर 3600 वॅट मिळतात. त्यावर एसी, मायक्रोवेव्ह आणि गीझर एकदम चालत नाहीत, ब्रेकर पडतो. 50 अँपिअरच्या जोडणीत 120 व्होल्टच्या दोन लाइनी असतात, म्हणजे 12,000 वॅट.

मग पाणी. नळाला आधी प्रेशर रेग्युलेटर लावायचा, कारण गाडीतल्या नळ्यांना चौरस इंचाला 40 ते 50 पौंड दाब पुरतो. त्याहून फार जास्त आला तर सांधे गळू लागतात. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा, पांढरा. मैल्याच्या कामाचे हातमोजे त्याला कधीच लावायचे नाहीत.

तिसरी जोडणी सांडपाण्याची, आणि खरी शिस्त तिथेच लागते. संडासाच्या टाकीची झडप टाकी बरीचशी भरेपर्यंत बंदच ठेवावी लागते. उघडी ठेवली तर पाणी निघून जातं आणि घट्ट मैला तळाशी बसतो. रिकामी करताना आधी संडासाची टाकी, मग अंघोळीची आणि भांड्यांची. म्हणजे साबणाचं पाणी तीन इंची पाइप धुऊन काढतं. पाइपाला शेवटपर्यंत उतार हवा.

तिन्ही जोडून झाल्यावर मी नळ सोडला. ते पाणी दरीच्या पलीकडून, उत्तर कड्याखालच्या रोअरिंग स्प्रिंग्ज या झऱ्यातून आलं होतं. 1960च्या दशकात घालायला घेतलेली सुमारे 20 किलोमीटरची जलवाहिनी ते दरीत उतरवते, कोलोरॅडो नदी ओलांडून दरीतल्याच हावासुपाई गार्डन्सपर्यंत आणते, आणि तिथून पंप ते कड्यावर चढवतात. ही वाहिनी जुनी झाली आहे. 2010पासून ती 85हून अधिक वेळा मोठ्या प्रमाणावर फुटली आहे. खोल दरीत, उन्हात-बर्फात, माणसं ती पुन्हा जोडतात. 2023पासून तिच्या नूतनीकरणाचं मोठं काम सुरू झालं आहे.

ही वाहिनी येण्याच्या कितीतरी आधी इथे रेल्वेच्या टाक्यांतून पाणी यायचं. पाणी इतकं दुर्मीळ, की 1926मध्येच इथे सांडपाणी शुद्ध करून संडासात, बागेत आणि बॉयलरमध्ये वापरायला सुरुवात झाली. अमेरिकेतल्या अशा अगदी पहिल्या योजनांपैकी ही एक. आपण झडप उघडून सोडून देतो त्या पाण्याचीही इथे कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी काळजी केली होती.

घरात या सगळ्या जोडण्या भिंतीत आणि जमिनीखाली असतात, त्यामुळे त्यांच्यामागचे श्रम डोळ्यांसमोर येत नाहीत. इथे प्रत्येक सांधा आपल्या हाताने आवळावा लागतो. म्हणून या जागेचं जादा भाडं मी मनापासून देतो. आणि तिन्ही जोडण्या असतानाही साबण लावताना शॉवर बंद करतो. टाकीची चिंता मिटली तरी तो झरा आणि ती जुनी वाहिनी इथल्या सगळ्यांना मिळून पुरवायची आहे.