उद्योगसंस्थेची उत्पादकता आणि व्यवस्थापन

घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात व अंधेरीच्या मरोळ भागात जे कारखाने वसले, त्यांच्या उत्कर्षाची मीमांसा बहुधा बाह्य अनुकूलतेच्या आधारे केली जाते : रेल्वे, वीज, बंदराचे सान्निध्य, शेजारच्या गाळ्यात सुटे भाग करून देणारा कारागीर. १९७३ साली स्थापन झालेले अंधेरीचे 'सीप्झ' हा अशी अनुकूलता निर्यातीसाठी हेतुतः निर्माण करण्याचाच प्रयत्न होय. परंतु या सोयी लगतच्या दोन कारखान्यांना सारख्याच लाभतात. त्या दोहोंच्या उत्पादकतेतील तफावत त्यांवरून उलगडत नाही.

या प्रश्नावर प्रकाश टाकणारा प्रयोग बोरिवलीच्या पुष्कळ उत्तरेस, तारापूर व उंबरगाव येथील कापड-कारखान्यांत झाला. १७ उद्योगसंस्थांच्या २८ कारखान्यांचा हा अभ्यास निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन प्रभृती अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. काही कारखान्यांना सल्लागारांचे पाच महिने साहाय्य देण्यात आले, तर तुलनेसाठी निवडलेल्यांची केवळ महिनाभर पाहणी झाली. सुचविलेल्या सुधारणा अगदी साध्या होत्या : सुताचा साठा नोंदवून नीट मांडणे, माग बंद पडण्यापूर्वीच त्याची देखभाल करणे, कापडातील दोषांची रोज नोंद ठेवून तिचा विचार करणे. एवढ्यानेच पहिल्या वर्षात उत्पादकता सुमारे १७ टक्क्यांनी वाढली.

मग मालकांनी हे आपण होऊन का केले नव्हते? मुख्य अडथळा माहितीचा होता. आपला माल इतरांइतकाच चांगला आहे, अशी पुष्कळांची समजूत होती. परंतु सुव्यवस्थित संस्थांनी इतरांना बाजारातून हटविले कसे नाही, हा प्रश्न अधिक मार्मिक आहे. चोरी-अफरातफरीच्या भीतीने मालक कुटुंबाबाहेरच्या माणसाला अधिकार देण्यास कचरत. परिणामी संस्थेचा विस्तार नफ्यापेक्षा घरातील कर्त्या पुरुषांच्या संख्येवर अवलंबून राही. पेढी भावांइतकीच मोठी! परदेशी कापडावरील आयातकरामुळे बाहेरची स्पर्धाही सौम्यच होती.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील अभ्यासात, स्वीकारलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या सुटून गेल्याचे आढळले. व्यवस्थापक बदलणे व मालकांना सवड नसणे ही त्याची कारणे. तरीही इतर कारखान्यांशी तुलना करता मोठे अंतर टिकून होते.

उपनगरांत या निवडीला आणखी एक घटक छेद देतो. मुलुंड-भांडुपकडील अनेक कारखान्यांच्या जागी आज निवासी इमारती उभ्या आहेत. जेथे जमिनीचा भाव कारखान्याच्या नफ्याहून वेगाने वाढतो, तेथे उत्तम चाललेला कारखानाही बंद होऊ शकतो. अशा बंद कारखान्यांची गणना अकार्यक्षम संस्थांत करता येत नाही.